लाल बाटली, कटिंग चहा आणि डोकेदुखीची गोळी : घरातल्या कॅफिनचा हिशोब मांडायला हवा

शाळा सुटायची वेळ झाली की रस्त्यापलीकडच्या दुकानापुढे पोरांची गर्दी होते. सातवी-आठवीतली मुले. कुणी कुरकुरे घेतो, कुणी चॉकलेट, आणि दोघे-तिघे मिळून वीस रुपयांची ती लाल, थंडगार बाटली घेतात. आळीपाळीने तोंडाला लावतात. आम्ही एकाला विचारले, "हे कशाला रे पितोस?" तो हसून म्हणाला, "अंकल, ताकद येते. क्रिकेटच्या आधी पितो आम्ही."

हे दृश्य एका शाळेपुरते नाही. अहिल्यानगर (अहमदनगर) शहरातले मुकुंदनगर घ्या, झेंडीगेट घ्या, भिंगार घ्या. नाहीतर श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावला जा. पानटपरी, किराणा, एसटी स्टँड, पेट्रोलपंप, सगळीकडे ही बाटली फ्रीजच्या पहिल्या कप्प्यात उभी असते. तिच्यातला जो पदार्थ पोरांना "ताकद" वाटतो, त्याचे नाव कॅफिन. हाच पदार्थ आपल्या सकाळच्या चहात असतो, नेसकॉफीत असतो, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही असतो.

कॅफिन हे जहर नाही. चहा पिणे गुन्हा नाही, गुनाहही नाही. पण कॅफिन हे शरीरावर औषधासारखे काम करणारे द्रव्य आहे, आणि औषधाला मात्रा असते. अडचण अशी की आपण चहा "चहा" म्हणून पितो, बाटली "कोल्ड्रिंक" म्हणून पितो आणि गोळी "डोक्याची" म्हणून खातो. तिन्हींची बेरीज कुणी करत नाही. या लेखात आम्ही ती बेरीज करून दाखवणार आहोत.

कॅफिन करते तरी काय?

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे एक रसायन हळूहळू साठत जाते. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसते आणि "आता थकलास, झोप" असा निरोप देते. कॅफिनचा आकार या अ‍ॅडिनोसिनशी इतका मिळताजुळता असतो की ते त्याच्या जागेवर जाऊन बसते. खुर्ची अडवली की निरोप पोहोचत नाही. थकवा गेलेला नसतो, फक्त त्याची खबर आपल्याला मिळत नाही.

म्हणून "ताकद येते" हे त्या मुलाचे म्हणणे खरे नाही. ताकद भाकरीतून येते, डाळीतून, दुधातून, अंड्यातून येते. कॅफिन ताकद देत नाही, थकव्याची घंटा बंद करते. बाटलीतून जी थोडी ऊर्जा मिळते ती साखरेची असते.

प्यायल्यानंतर अर्ध्या ते एका तासात कॅफिनचा जोर पूर्ण चढतो. उतरायला मात्र वेळ लागतो. निरोगी माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. गरोदर बाईच्या शरीरात हाच काळ दुप्पट-तिप्पट होतो. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा हिस्सा पहाटे तीन वाजताही रक्तात फिरत असतो. "मला तर कॉफी पिऊनही झोप लागते" असे म्हणणारे बरेच असतात. झोप लागते, पण ती तितकी गाढ नसते, आणि सकाळी उठल्यावर पुन्हा चहा लागतो.

आपले आणि कॅफिनचे नाते जुने आहे

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. तिच्या बिया भाजून, उकळून पिण्याची चाल पंधराव्या शतकात येमेनच्या सूफी खानकाहांत रुजली. रात्रभर जिक्र आणि इबादत करायची तर डोळा लागता कामा नये, म्हणून सूफी कॉफी पीत. तिथून ती मक्केत आणि कैरोत पोहोचली. १५११ साली मक्केचा अधिकारी खैर बेग याने कॉफीवर बंदी घातली. ही नशा आहे की नाही, यावर तेव्हा मोठी चर्चा झाली. बंदी फार टिकली नाही. कॉफीने माणसाची शुद्ध जात नाही, उलट तो जागा राहतो, हेच मत पुढे मान्य झाले.

येमेनचे मोखा बंदर पुढे कॉफीच्या व्यापाराने जगभर प्रसिद्ध झाले. आपल्या निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर हाही मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा याच मोखा बंदरातून, बगदादमार्गे दख्खनला आला. ज्या वाटेने कॉफी जगात गेली, त्याच वाटेने आपल्या शहराचा हा मोठा माणूस आला. आणि भारतात कॉफीचे पहिले बी आणले ते सतराव्या शतकात हजहून परतणाऱ्या बाबा बुडन या सूफी बुजुर्गांनी, अशी परंपरा आहे. येमेनमधून सात बिया आणून त्यांनी त्या कर्नाटकात चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या असे सांगतात. तो डोंगर आजही बाबाबुडनगिरी म्हणूनच ओळखला जातो.

आपल्या जिल्ह्यात मात्र राज्य चहाचे. चहापत्ती लांबून येते, पण दूध आणि साखर घरची. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने देशाला वाट दाखवली आणि संगमनेर-राहात्याच्या गोठ्यांतले दूध मुंबई-पुण्याला जाते. अशा जिल्ह्यात पाहुण्याला "चहा नको" म्हणायची सोय नाही. म्हणून आम्ही चहा सोडायला सांगणार नाही. मोजायला सांगणार आहोत.

फायदेही आहेत, ते नाकारू नयेत

कॅफिनने लक्ष एकाग्र होते, झापड उडते. नगर-मनमाड किंवा पुणे रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला चहाचा कप आणि वीस मिनिटांची डुलकी, दोन्ही मिळून खरोखर उपयोगी पडतात. पण निव्वळ चहावर रात्र काढणे धोक्याचे. झोप अनावर झालेल्या ड्रायव्हरला कुठलीही बाटली वाचवू शकत नाही. गाडी कडेला घेऊन झोपणे हाच त्यावर इलाज.

डोकेदुखीच्या गोळीत कॅफिन घालतात त्यालाही कारण आहे. पॅरासिटामॉलसारख्या औषधाचा असर ते वाढवते. व्यायामाआधी योग्य मात्रेत घेतले तर दम थोडा जास्त टिकतो. खेळाडूंच्या बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीतून कॅफिन २००४ साली काढले गेले.

सगळ्यात मोठा उपयोग तर आपल्याला माहीतच नसतो. दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ कधी कधी श्वास घ्यायचेच विसरते. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात अशा बाळांना डॉक्टर कॅफिन सायट्रेट हे औषध देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. तिथे मात्र बाळाचे वजन ग्रॅममध्ये मोजतात आणि त्यावर औषधाचा थेंब ठरतो. तेच द्रव्य आपण रस्त्यावर वजन न बघता, वय न बघता मुलांच्या हातात देतो. फरक मोजण्याचा आहे.

कशात किती असते?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना दिल्या. त्यांनुसार दीडशे मिलिलिटरच्या कपात साधारण असे कॅफिन असते :

- चहा : ३० ते ६५ मिलिग्रॅम
- इन्स्टंट कॉफी : ५० ते ६५ मिलिग्रॅम
- गाळलेली (फिल्टर) कॉफी : ८० ते १२० मिलिग्रॅम

आपला कटिंग यापेक्षा लहान, साधारण निम्मा. पण टपरीवरचा चहा पुन्हा पुन्हा उकळलेला, कडक असतो. म्हणून कटिंगचे २० ते ३० धरायला हरकत नाही.

बाटलीचे काय? देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॅफिनयुक्त पेयात एका लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. आणि सॅरिडॉनसारख्या डोकेदुखीच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम.

धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला किती घ्यावे? आपल्या पोषण संस्थेची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. युरोपातल्या तज्ज्ञांनी ती ४०० पर्यंत धरली आहे, मात्र एका वेळी २०० पेक्षा जास्त नको म्हटले आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला २०० हीच हद्द. लहान आणि वयात येणाऱ्या मुलांसाठी वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम, यापुढे जाऊ नये.

आता बेरीज करू. समजा एखादी दहावीची मुलगी किंवा मुलगा आहे, वजन ४५ किलो. सकाळी घरचा चहा, ४० मिलिग्रॅम. क्लासला जाताना-येताना दोन कटिंग, ४०. संध्याकाळी मित्रांबरोबर लाल बाटली, ७५. जागून जागून डोके दुखले म्हणून गोळी, ५०. आणि रात्री अभ्यासाला बसताना एक कप कॉफी, ६०. एकूण २६५ मिलिग्रॅम. या मुलाची मर्यादा किती? पंचेचाळीस गुणिले तीन, म्हणजे १३५. जवळपास दुप्पट झाले. आणि घरात विचारले तर आई सांगेल, "माझं पोर चहासुद्धा जास्त पीत नाही हो."

जास्त झाले तर काय होते?

सुरुवात हातापायाच्या थरथरीने होते. छातीत धडधड, बेचैनी, चिडचिड, घाम, पोटात जळजळ, वारंवार लघवी, झोप उडणे. आधीच घाबरटपणाचा किंवा काळजीचा आजार असेल तर तो वाढतो. ज्यांना रोजची सवय नाही त्यांचा रक्तदाब काही काळ चढतो. बीपी, हृदयाचे ठोके चुकणे, फिट, असे आजार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच मात्रा ठरवावी.

फार मोठी मात्रा झटपट पोटात गेली तर फिट येऊ शकते, हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेचे औषध प्रशासन सांगते की साधारण १,२०० मिलिग्रॅम कॅफिन एकदम घेतल्यास विषबाधेची लक्षणे, झटकेसुद्धा, दिसू शकतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात सोळा वर्षांचा एक मुलगा वर्गात कोसळला आणि दगावला. सुमारे दोन तासांत त्याने कॉफी, कॅफिनचे मोठे कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक असे तीन पदार्थ प्यायले होते. त्याला आधीचा कुठला हृदयविकार आढळला नाही. अशा घटना विरळ असतात, आणि एका बाटलीने कुणाचा जीव जातो असे आम्ही म्हणत नाही. पण एकापाठोपाठ एक असे ढोसणे हाच खरा धोका, हे त्या घटनेने दाखवून दिले.

जिमला जाणाऱ्या तरुणांसाठी वेगळा शब्द. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या एका चमच्यात दोन-तीन कप कॉफीइतके कॅफिन असू शकते. चमचा थोडा जास्त भरला तरी हिशोब बिघडतो. शुद्ध कॅफिनची पावडर तर घरात आणूच नये. तिचा एक छोटा चमचा म्हणजे सुमारे २८ कप कॉफी. आणि काही जिममध्ये "स्टॅमिना"साठी मेफेंटरमिनचे इंजेक्शन टोचले जाते. ती गोष्ट कॅफिनची नाहीच. ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायचे ते औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी यावर कारवाई केली आहे. भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनी त्याच्या नादी लागू नये. छातीला जोर पडला तर भरतीही जाते आणि मुलगाही.

सवय लागली की डोके का दुखते?

रोज कॅफिन मिळायला लागले की मेंदू त्या अडवलेल्या खुर्च्यांवर उपाय म्हणून नव्या खुर्च्या मांडतो. मग एक दिवस चहा मिळाला नाही की सगळ्या खुर्च्यांवर थकव्याचा निरोप एकदम येऊन बसतो. १२ ते २४ तासांत डोके ठणकायला लागते, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त त्रास होतो आणि दोन ते नऊ दिवसांत सगळे शांत होते. हा आजार नव्हे, सवयीची वसुली आहे.

यातूनच गोळीचे चक्र सुरू होते. डोके दुखते म्हणून कॅफिनची गोळी, गोळीने बरे वाटते, तिचा असर उतरला की पुन्हा दुखते. महिन्यातून दहा-पंधरा दिवस गोळी लागत असेल तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण झालेली असू शकते. अशा वेळी मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरांना विचारा.

विधान परिषदेत काय झाले?

मुलांच्या बाटलीचा हा प्रश्न मुंबईत पोहोचला तो आपल्याच भागातून. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत संगमनेरचे आमदार सत्यजीत तांबे यांनी शाळा-कॉलेजजवळ विकल्या जाणाऱ्या एनर्जी ड्रिंकचा प्रश्न विचारला. तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी उत्तर दिले की जास्त कॅफिन असलेल्या या पेयांची विक्री शाळांपासून ५०० मीटरच्या आत बंद करण्याचा आदेश काढला जाईल. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी अशा पेयांची यादी करून राज्यभरातल्या अधिकाऱ्यांना पाठवायला सांगितले. पुढे २०२५ मध्ये पंजाब सरकारनेही शाळांच्या आवारात आणि आसपास या पेयांना मनाई केली.

सरकारचे काम सरकार करील. आदेश कागदावर राहू नये म्हणून पालकांनी आणि शाळेच्या व्यवस्थापन समित्यांनी पाठपुरावा करावा, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. पण एक गोष्ट कुठल्याही आदेशाची वाट न बघता आजच करता येते. ती बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचा. नियमाप्रमाणे तिथे छापलेलेच असते की हे पेय लहान मुले, गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्तींसाठी योग्य नाही, आणि दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये. कंपनी स्वतःच सांगते की हे मुलांसाठी नाही. मग आपण कसे देतो?

हा प्रश्न आमच्या दुकानदार भावांनाही आहे. आपल्या बिरादरीत टपरी, किराणा, हॉटेल चालवणारे खूप आहेत. वीस रुपयांच्या बाटलीत सुटतात किती? दोन-तीन रुपये. गणवेशातल्या मुलाला "बेटा, हे मोठ्यांचं आहे, ताक घे, लिंबू सरबत घे" एवढे म्हटले तर धंदा बुडत नाही. उद्या आपलेच पोर दुसऱ्याच्या दुकानापुढे उभे असते.

घरातल्या बायांनी हेही बघावे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. घराघरात दिसते ते असे : सगळ्यांना जेवू घालून बाई शेवटी जेवते, आणि जेवण होते न होते तोच चहा घेते. चहा-कॉफीतले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते, ते रक्तात जाऊ देत नाही. म्हणूनच पोषण संस्थेने जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. पालक, मेथी, बाजरीची भाकरी खाऊन वरून चहा पिणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्धा-एक तासाने. गरोदरपणात चहा दोन-तीन कपांवर आणावा, लाल बाटली पूर्ण बंद.

साखरेचेही बघा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची हद्द साधारण तेवढीच आहे, आणि शक्यतो पंचवीसच्या आत राहा असे ती सांगते. शुगर असलेल्या घरात चहाचा हिशोब दोन बाजूंनी करावा लागतो. आणि चहा उकळता पिऊ नये, थोडा निवू द्यावा. ६५ अंशांपेक्षा गरम पेये सतत पिण्याचा अन्ननलिकेच्या कॅन्सरशी संबंध जोडला गेला आहे.

रमजानची तयारी आधीपासून करा

दर वर्षी पहिल्या तीन-चार रोज्यांत दुपारी डोके धरून बसणारे आपण बघतो. लोक म्हणतात, रोजा लागला. बहुतेक वेळा लागलेला असतो तो चहा. दिवसाला सहा-सात कपांची सवय असलेला माणूस एकदम तेरा-चौदा तास चहाविना राहतो, तेव्हा डोके दुखणारच. यावर उपाय सोपा आहे, फक्त तो शाबानमध्ये सुरू करावा लागतो :

- रमजानच्या दोन आठवडे आधीपासून दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. एकदम तोडू नका.
- सर्वांत आधी दुपारचा आणि सकाळी दहा-अकराचा कप सोडा, कारण रोज्यात तेच मिळणार नाहीत.
- सेहरीत एक कप चालेल. तीन कप "साठवण" म्हणून पिऊ नका. कॅफिन साठत नाही, फक्त लघवीला पळवते.
- इफ्तारला रिकाम्या पोटी लाल बाटली नको. खजूर, पाणी, मग थोडे खाणे. चहा मगरीबनंतर.
- तरावीहनंतर चौकात बसून चहावर चहा होतो, तो आवरा. रात्री साडेदहाचा कप पहाटे साडेतीनलाही निम्मा शिल्लक असतो. त्याने झोप जाते, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा डोके.

चहाने अंगातले सगळे पाणी जाते हा समज पूर्ण खरा नाही. सवयीच्या माणसाला एक-दोन कपांनी फार फरक पडत नाही. पण चहा हा पाण्याचा बदला नव्हे. इफ्तार ते सेहरी साधे पाणी भरपूर प्या.

थोडक्यात

मोठ्यांनी दिवसाला तीन-चार कप, संध्याकाळी पाचनंतर नाही. एनर्जी ड्रिंकची बाटली मुलांना अजिबात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०११ मध्ये मुलांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही असे स्पष्ट सांगितले. गोळीच्या पाकिटावर कॅफिन लिहिले आहे का ते वाचा, आणि त्या दिवशी चहा कमी करा. छातीत दुखणे, न थांबणारी धडधड, चक्कर येऊन पडणे, वारंवार उलटी किंवा झटके आले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा, जवळचे सरकारी रुग्णालय गाठा, आणि काय काय प्यायले ते डॉक्टरांना लपवल्याशिवाय सांगा.

आज रात्री जेवणानंतर एक काम करा. एक कागद घ्या. घरात कोण दिवसभरात काय प्यायले, कोणती गोळी घेतली, ते लिहा. मुलांना स्वतःलाच लिहू द्या, स्वतःलाच बेरीज करू द्या. रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवतील. गणित त्यांचे आपल्यापेक्षा चांगले असते. १३५ च्या पुढे आकडा गेला की त्यांनाच कळेल.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि खाण्यापिण्यात इसराफ नको ही आपल्या दीनची शिकवण आहे. इसराफ म्हटले की आपल्याला लग्नातली उधळपट्टी आठवते. तो वीस रुपयांच्या बाटलीतही असतो. मशिदीच्या इमामांनी, मदरशांच्या आणि उर्दू शाळांच्या उस्तादांनी, मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी यावर दोन शब्द बोलावेत, एवढीच आमची विनंती. चहा प्या, पाजा, पाहुणचार करा. फक्त मोजून.